वाचून फाटलेलं पुस्तक पाहिजे

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या साली सोलापुरात महाशिवरात्रीलाच उन्हाळा मुक्कामाला आला होता. म्हणजे तसा तो सोलापूर सोडून फार लांब कधी जात नाहीच. होटगी जंक्शनपर्यंत जातो आणि पुढची गाडी मिळाली नाही म्हणून परत येतो. तर अशा एका रखरखीत दुपारी पद्मजाबाईंची भाची उर्वी पुण्याहून आली, पंख्याखाली फरशीवरच बसली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी म्हणाली, "आत्या, मला एक पुस्तक पाहिजे."

पद्मजाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मुलींच्या शाळेत सारा जन्म मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत सोसायटीतल्या लोकांनी त्यांच्याकडे विरजण मागितलं, शिडी मागितली, एकदा कुणाच्या तरी डोहाळजेवणासाठी धनुष्यबाण मागितला. पुस्तक कुणी मागितलं नव्हतं.

"कुठलं हवंय?"

"कुठलंही. म्हणजे असं... पुस्तकासारखं पुस्तक."

उर्वी व्हिडिओ गेम तयार करते, एवढं पद्मजाबाईंना ठाऊक होतं. व्हिडिओ गेममध्ये कुणीतरी कुणालातरी गोळ्या घालतं, हेही ठाऊक होतं. आणि आपल्या सरळमार्गी भावाच्या पोटी असं गोळीबार करणारं लेकरू कसं जन्मलं, याचं त्यांना अधूनमधून नवल वाटे. पण उर्वीनं लॅपटॉप उघडला तर पडद्यावर नुसतं एक पुस्तक. ते उघडलं की पहिल्या पानावर शाईनं काढलेली बोटभर मुलगी उभी. तिला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुखरूप न्यायचं, हा खेळ. पान उलटलं की ती दुसऱ्या खोलीत जाते. पानाचा कोपरा दुमडला की त्या घडीवर पाय देऊन वरच्या ओळीत चढते. अनुक्रमणिका हा नकाशा. खेळ थांबवायचा असला की खुणेची दोरी पानात सोडायची. कुणी पाठीस लागलं तर तळटिपेत लपून बसायचं.

"गोळ्या कुठे आहेत?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"नाहीत, आत्या."

"मग वेळ कसा जातो?" हे गंगाधरराव म्हणाले. हे पद्मजाबाईंचे यजमान, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. वेळ कसा जातो हा प्रश्न ते अलीकडे कुठल्याही गोष्टीबद्दल विचारत.

आता खरी अडचण सांगायला हवी. उर्वीनं चांगल्या कंपनीतली नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर हा गेम करायला घेतला, त्याला दीड वर्ष झालं होतं. तिचे वडील सुबोध बँकेत शाखाधिकारी. त्यांनी लेकीला पाडव्यापर्यंतची मुदत दिली होती. पाडव्याआधी बंगळुरूच्या एका मेळाव्याला गेमचा नमुना पाठवायचा; तिथे निवड झाली तर ठीक, नाहीतर गुढी उतरायच्या आत जुन्या कंपनीला होकार कळवायचा. ही मुदतसुद्धा सुबोधनं सहजासहजी दिली नव्हती. एका लग्नात, पंगतीत, जिलबी वाढली जात असताना पद्मजाबाईंनी भावाला ठणकावून सांगितलं होतं, "पोरीची जबाबदारी माझी." जिलबीच्या भरात माणूस काहीही बोलतो. पण चारचौघांत बोललेलं आता गिळता येत नव्हतं.

"सगळं झालंय, आत्या," उर्वी म्हणाली. "पण ज्यांना ज्यांना खेळायला दिलं ते सगळे म्हणतात, हे पुस्तक खरं वाटत नाही. एक जण म्हणाला, लग्नाची पत्रिका वाटते. मला खऱ्या पुस्तकाचे फोटो काढायचेत, पान उलटण्याचा आवाज घ्यायचाय. बस, एका दिवसाचं काम."

एका दिवसाचं काम म्हणून सुरू झालेली कामं पद्मजाबाईंनी आयुष्यात पुष्कळ पाहिली होती. माहेरच्या न्हाणीघराच्या फरशीचं काम एका दिवसाचं होतं, ते सुरू झालं तेव्हा सुबोध नववीत होता आणि संपलं तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. तरी त्या उत्साहानं उठल्या आणि त्यांनी आपली दोन्ही लोखंडी कपाटं उघडली.

त्या कपाटांविषयी सोसायटीत दबक्या आवाजात बोललं जाई. आत पाचसहाशे पुस्तकं, एकूण एक खाकी कव्हरातली, कव्हरावर चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षर, आणि दर खणाला डांबरगोळ्यांची पुरचुंडी. पुस्तक बघायचं असलं तर आधी हात धुऊन, पुसून, वाळवून यावं लागे. कोपरा दुमडणं हा त्या घरात गुन्हा होता. पुस्तक उलटं पालथं घालून चहाला उठणाऱ्या एका व्याह्यांशी पद्मजाबाईंनी पुढे बेताचेच संबंध ठेवले होते.

उर्वीनं एक पुस्तक काढलं, दुसरं काढलं, दहावं काढलं. मग खाली बघत म्हणाली, "आत्या, रागावू नकोस हं. पण ही पुस्तकं कुणी वाचलेलीच वाटत नाहीत."

गंगाधरराव खोकल्याचं निमित्त करून गॅलरीत गेले. पद्मजाबाईंनी ज्या पुस्तकांची पारायणं केली होती, ज्यांतली पानंच्या पानं त्यांना पाठ होती, त्यांच्याबद्दल हे उद्गार! नीटनेटकेपणाची अशी शिक्षा कुणाला मिळाली नसेल. त्या संध्याकाळी त्यांनी आमटीत मीठ घातलं नाही आणि कुणाची मागायची हिंमतही झाली नाही.

पण जबाबदारी ती जबाबदारी. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या नीलम्मा आल्या. नीलम्मा अक्कलकोटकडच्या, बोलायला मराठी, दचकायला कानडी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "अय्यो, एवढंच ना अक्का? जुनं पाहिजे तर जुनं करायचं. माझ्या भाच्यानं शाळेच्या नाटकात राजाचं फर्मान केलं होतं, चहात बुडवून. अस्सल दिसत होतं बघा. मास्तरच घाबरले."

काळजावर दगड ठेवून पद्मजाबाईंनी एक पुस्तक दिलं. नीलम्मांनी पातेलंभर चहा उकळला, सवयीनं त्यात आलं आणि साखरही घातली. पुस्तक बुडवून गच्चीवर वाळत टाकलं. सोलापूरचं ऊन, तासाभरात पुस्तक पुरीसारखं टम्म फुगलं. फुगलं ते फुगलं, वर साखरेमुळे पानं एकमेकांना चिकटली, आणि बातमी कशी लागली कोण जाणे, गच्चीवरच्या समस्त मुंग्या ओळीनं आल्या. उर्वीनं फोटो काढला, निरखून पाहिला आणि म्हणाली, "पुस्तक नाही वाटत. पण केक म्हणून छान आलाय."

"साखर नको होती," नीलम्मा विचार करून म्हणाल्या. "पुढच्याला गूळ घालू."

पुढचं पुस्तक मिळालं नाही.

तेव्हा गंगाधररावांनी सूत्रं हाती घेतली. त्यांचं म्हणणं, वाचून वाचून फाटलेलं पुस्तक हवं तर ते वाचनालयातच मिळणार, आणि रीतसर अर्ज केला तर का नाही मिळणार? त्यांनी तीन प्रतींत अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जिथल्या तिथे. मग तिघंही शुक्रवार पेठेतल्या वाचनालयात गेले. पद्मजाबाई लहानपणी वडिलांचं बोट धरून त्याच जिन्यानं चढत असत. तेव्हा खाली गल्लीत मिलच्या भोंग्याबरोबर सायकलींची रांग सुरू व्हायची आणि वर पुस्तक बदलायला उभ्या असलेल्या माणसांची. आता भोंगा नव्हता, रांगही नव्हती. जिना मात्र तसाच, पाचवी पायरी चुकवावी लागणारा.

वाचनालयाचे कार्यवाह पृथ्वीराज हे नाव शोभेल असे रुबाबदार गृहस्थ होते. त्यांनी अर्ज तिन्ही प्रतींत वाचला.

"वाचून फाटलेली पुस्तकं होती ना," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात ठराव करून त्यांचं निर्लेखन केलं. म्हणजे नोंदीतून काढली. रद्दीत दिली."

"त्यातलं एखादं शिल्लक असेल तर—"

"काका, नोंदीत नाही म्हणजे ते पुस्तक नाही. जे पुस्तक नाहीच, ते मी तुम्हाला कसं देऊ?"

हा युक्तिवाद ऐकून गंगाधररावांचा चेहरा उजळला. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं होतं. "बरोबर आहे," ते भारावून म्हणाले. "अगदी नियमाला धरून आहे." पद्मजाबाईंनी त्यांना कोपरानं ढोसलं नसतं तर ते अर्ज मागे घेऊन आभारही मानून आले असते.

"मग न वाचलेली पुस्तकं तेवढी ठेवलीत?" उर्वीनं विचारलं.

"हो. ती उत्तम स्थितीत आहेत," पृथ्वीराज अभिमानानं म्हणाले.

रद्दीवाला दोन गल्ल्या सोडून होता. त्यानं डोकं खाजवून सांगितलं की ती पोती सांगोल्याकडे गेली. तिकडे डाळिंबाची तोडणी चालली होती. पेटीत फळांना दणका बसू नये म्हणून खाली कागदाच्या कातरणाचा थर देतात, त्यासाठी. सोलापूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या उशाशी घेऊन वाचलेली पुस्तकं डाळिंबांच्या बुडाखाली!

"उद्या सकाळी निघायचं," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतला झाला की घरात कुणी वाद घालत नसे.

गंगाधरराव गाडी अशी चालवत की बैलगाडीवाले हात करून पुढे जायची परवानगी मागत. मागच्या सीटवर नीलम्मा बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन आलेल्या बाईला गाडीतून उतरवण्याइतकं कठोर त्या घरात कुणी नव्हतं. मंगळवेढ्याची ज्वारी मागे पडली, सांगोला आलं, आणि विचारत विचारत गाडी एका पत्र्याच्या शेडपाशी थांबली. आत लालभडक डाळिंबांचे ढीग, आणि ढिगांभोवती दहाबारा बाया फळं निवडून पेट्या भरीत बसलेल्या. दारात एक दांडगा बोकड, गळ्यात घंटा, नजर मालकासारखी.

शेड अंबुबाईंची होती. अंगानं काटक, आवाजानं दणकट बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नीलम्मांच्या डब्यातली भाकरीही घेतली.

"पोती आली व्हती की," त्या म्हणाल्या. "समदी कातरली. एक तेवढं पुस्तक ऱ्हायलंय. पर ते न्हाय द्येता यायचं."

"का हो?"

"आमचं संपलं न्हाय."

त्यांनी कनवटीच्या किल्लीनं एक पत्र्याची पेटी उघडून पुस्तक काढलं, आणि उर्वीच्या तोंडून चीत्कार निघाला. काय पुस्तक होतं! पाठ सुटलेली, दोऱ्यानं पुन्हा शिवलेली. कोपरे वाटीसारखे गोल झालेले. कुठे हळदीचं बोट, कुठे चहाच्या बशीचं वर्तुळ, आणि कडेच्या मोकळ्या जागेत चार पिढ्यांच्या वाचकांची अक्षरं: 'मुनीम लबाड आहे', त्याखाली दुसऱ्या शाईत 'आधीच सांगून टाकले, मूर्ख', त्याखाली पेन्सिलीनं 'भांडू नका, पुढे वाचा'. मुखपृष्ठ आणि नाव असलेलं पान मात्र नव्हतं. ते बोकडानं खाल्लं होतं.

पद्मजाबाईंनी बोकडाकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर वर्गाबाहेर जाऊन उभा राहिला असता.

"त्येला काय बोलू नगा," कुंपणाकडून अंबुबाईंचे यजमान मायाप्पा ओरडले. "देवाला सोडलाय त्यो!"

हकिकत अशी होती. अंबुबाईंची सून पूनम हे पुस्तक काम चालू असताना बायांना मोठ्यानं वाचून दाखवी. गोष्ट एका शशी नावाच्या नव्या नवरीची. सासरच्या घरात एक बंद खोली, दागिने गायब, सासू बारा वर्षांपूर्वी नाहीशी झालेली, आणि एक गोडबोल्या मुनीम. पूनम बाळंतपणाला माहेरी गेली आणि वाचन तिथेच थांबलं.

"तुम्ही स्वतः का नाही वाचलंत?" गंगाधररावांनी विचारलं.

"वाचाय समद्यांस्नी येतंय की, साहेब. पर वाचाय बसलं तर पेट्या कोन भरनार? तुमी?"

गंगाधररावांनी व्यवहाराची बाजू मांडली. "ह्याच्या बदल्यात आम्ही तुम्हाला नवंकोरं पुस्तक देतो."

"त्यात हीच गोष्ट हाय का?"

"नाही. पण चांगली आहे."

"आन् मग शशीचं काय? मुनीमानं ढकलल्यापास्नं ती पोर आडात लोंबकळतीया, पंधरा दीस झालं! हात सुटला म्हंजी?"

बाया कळवळून च्‌ च्‌ करू लागल्या. पद्मजाबाईंनी पदर खोचला. "आणा इकडे," त्या म्हणाल्या. "मी वाचते."

उर्वीनं चटकन एका पेटीवर पुस्तक ठेवायची जागा केली, वरून हातांवर कॅमेरा रोखला, बाजूला माइक. पद्मजाबाईंनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि सवयीनं म्हणाल्या, "मध्ये बोलायचं नाही. शंका शेवटी विचारायच्या."

पहिलं वाक्य संपायच्या आत एक बाई ओरडली, "दोराला धर की गं, डाव्या हातानं!"

पद्मजाबाई थांबल्या. वर्ग शांत होईपर्यंत थांबायची त्यांची पद्धत होती. शाळेत तिला मुली थरथर कापत. इथे कुणी कापलं नाही.

"बाई, तुमी थांबला की पेट्या बी थांबत्यात," अंबुबाई म्हणाल्या. "व्यापाऱ्याचा टेंपो यायचाय. चालू द्या."

त्यांनी चालू दिलं. शशी आडातून वर आली तेव्हा बायांनी सुस्कारा सोडला, तो मागच्या ढिगापर्यंत ऐकू गेला. मुनीम दुधाचा पेला घेऊन आला तेव्हा सगळ्या एकदम ओरडल्या, "पिऊ नगं!" बोकडानं घंटा वाजवली. उर्वी हेडफोन लावून कपाळाला हात मारीत होती, कारण पानाचा आवाज असा एकही धड मिळत नव्हता. आणि पद्मजाबाई? आधी त्या वाचत होत्या, मग त्या रंगल्या, मग त्यांनी मुनीमाचा आवाज काढला. असा गुळचट, असा लबाड आवाज की गंगाधरराव चमकून बघत राहिले. संसारात त्यांनी तो कधी ऐकला नव्हता.

"अक्का!" मध्येच नीलम्मा किंचाळल्या. "थुंकी!"

खरंच होतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलींना बोटाला थुंकी लावून पान उलटलं म्हणून ज्यांनी बाकावर उभं केलं, त्या पद्मजाबाई भर कॅमेऱ्यासमोर जिभेला बोट लावून पान उलटत होत्या. आणि एकदा नव्हे, उर्वीनं मागे जाऊन पाहिलं तर सुरुवातीपासून.

"ते काढून टाक," बाई लाल होऊन म्हणाल्या.

"मुळीच नाही," उर्वी म्हणाली. "दीड वर्षात मला असा हात मिळाला नव्हता."

दुपार कलली तेव्हा शशी बंद खोलीच्या दारापाशी पोचली. पद्मजाबाईंनी आवाज खाली आणला. "कुलपात किल्ली फिरली, आणि दार..."

पान उलटलं. पुढे काही नव्हतं. पुठ्ठ्याच्या आत दातांची नक्षी तेवढी होती. साऱ्या शेडनं बोकडाकडे पाहिलं. बोकड रवंथ करीत उभा होता.

"शेवट कळल्याबिगार पुस्तक जानार न्हाय," अंबुबाई शांतपणे म्हणाल्या. "मी आधीच सांगून ठिवते."

टेंपो येईपर्यंतच बाया बसणार होत्या, आणि पाडवा आठवड्यावर आला होता. पद्मजाबाईंनी पुठ्ठ्याकडे पाहत, जणू तिथे लिहिलंय अशा थाटात, वाचायला सुरुवात केली. दार उघडलं. आत दागिन्यांचा हंडा होता. शशीनं त्या दागिन्यांतून गावात मुलींसाठी शाळा काढली. मुनीमाला पश्चात्ताप झाला. तो त्याच शाळेत घंटा देऊ लागला.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"समदं दागिनं शाळेला दिलं?" एकीनं विचारलं.

"सगळे."

"एक बी न्हाय ठिवला? कानातलं बी?"

"नाही."

अंबुबाईंनी मान हलवली. "बाई, तुमी वाचता लई ग्वाड. पर ह्यो शेवट पुस्तकातला न्हाय. शेवट तुमाला लावता येत न्हाय."

निबंधाला दहापैकी दोन गुण मिळाल्यासारखा पद्मजाबाईंचा चेहरा झाला. सबंध सोलापुरात त्यांच्या मराठीबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. त्या ताठ बसून म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा, काय होतं खोलीत."

"काय म्हंजी? सासू," अंबुबाई म्हणाल्या.

"बारा वर्षांपूर्वी नाहीशी झालेली?"

"व्हय. तिला कुनी कोंडली बी नव्हती न् मारली बी नव्हती. कुलूप निस्तं दिकाव्याला. आतनं कडी लावून बसली व्हती."

"बारा वर्षं? कशासाठी?"

"कुनी च्या मागू नये म्हनून."

आणि मग जे हसू फुटलं! बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. एकीनं ओरडून विचारलं, "जेवान कोन देत व्हतं?" दुसरी म्हणाली, "मुनीम! म्हनून तर त्यो दूध घेऊन फिरत व्हता!" तिसरी म्हणाली, "आन् दागिनं?" "ती घालून बसली व्हती की समदं, एकलीच!" ढीग कोसळला, डाळिंबं गडगडत बोकडाच्या पायाशी गेली. नीलम्मा "अय्यो अय्यो" करीत पोट धरून बसल्या. आणि पद्मजाबाईंना आधी वाटलं आपण रागावलो आहोत, मग त्यांच्या लक्षात आलं की आपला चष्मा हसून हसून ओला झाला आहे. बंद खोलीपासून दुधाच्या पेल्यापर्यंत सगळं त्या शेवटात चपखल बसत होतं. त्यांच्या शाळेच्या शेवटात काही बसलं नव्हतं.

पुस्तक मिळालं. वर डाळिंबांची एक पेटीही मिळाली, शेवट मान्य केल्याबद्दल.

घरी पोचल्यावर उर्वी रेकॉर्डिंग लावून बसली, ते बराच वेळ. मग म्हणाली, "आत्या, मी सगळं चुकीचं ऐकत होते. मी पानाच्या आवाजासाठी बायांचा आवाज काढून टाकत बसले होते. माझ्या गेममध्ये पुस्तक होतं गं, पण ते ऐकायला कुणी बसलंच नव्हतं."

तो आठवडा पुण्याच्या मैत्रिणीही सोलापुरात येऊन राहिल्या. गेमचं रूपच बदललं; बोटभर मुलगी शशी झाली आणि शेवट अंबुबाईंचा आला. आता पडद्यावर पुस्तक होतं, पानं उलटणारा एका वयस्कर बाईचा हात होता, आणि भोवती न दिसणारी शेड. अंबुबाईंना आणि बायांना फोनवरून विचारून, त्यांचा मोबदला ठरवून, त्यांचेच आवाज घेतले. खेळणारा घुटमळला की कुणी सुस्कारा सोडे, चुकला की कुणी हळहळे, आणि फारच वेळ लावला तर तेच बोलणं कडेच्या जागेत शाईनं उमटे.

या सगळ्यात उशीर होऊन नमुना बंगळुरूला गेला तो पाडव्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे पाडव्याला उत्तर येणं शक्यच नव्हतं. पाडव्याला सकाळी सुबोधराव आले. खिशात जुन्या कंपनीचं पत्र घेऊनच आले. गुढीला नमस्कार केला, कडुनिंबाची चटणी चेहरा न बदलता खाल्ली आणि म्हणाले, "पाडवा आला. बंगळुरूचं काही कळलं?"

"अजून नाही, बाबा."

"मग ठरल्याप्रमाणे." त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. पद्मजाबाईंनी भावाकडे पाहिलं. जिलबीवर दिलेला शब्द त्यांच्या गळ्याशी आला होता.

"सुबोध," त्या म्हणाल्या, "सही करायच्या आधी कागद वाचतोस ना रे बँकेत? मग हेही एकदा वाच." आणि त्यांनी लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला.

पंगत मांडेपर्यंत पाहू, म्हणून सुबोधराव बसले. पहिली दोन पानं त्यांनी भुवई उंचावून पार केली. तिसऱ्या पानावर अडले. बोटभर मुलगी जिन्याखाली उभी, वर जायला वाट नाही. ते बघत राहिले. बघतच राहिले. आणि लॅपटॉपमधून दणदणीत आवाज आला, "आवं, किती येळ बगत बसलाय? कोपरा दुमडा की!"

सुबोधराव शाखाधिकारी होते. त्यांना असं बोलणारं माणूस बँकेत नव्हतं. ते दचकून सरळ बसले. "हो हो, दुमडतो," ते पडद्याला म्हणाले.

गंगाधरराव पुन्हा खोकल्याचं निमित्त करून गॅलरीत गेले, ते तिथे खांबाला धरून हसले.

पुरणपोळ्या गार झाल्या. सुबोधराव उठेनात. "थांबा, तो मुनीम येतोय," एवढंच म्हणत. आडात पडले, वर आले, दूध प्यायले, बायांची बोलणी खाल्ली, पुन्हा मागे गेले. शेवटी दार उघडलं, आत सासू सगळे दागिने घालून निवांत बसलेली. सुबोधराव हसले. ते असे हसले की पद्मजाबाईंना नववीतला सुबोध आठवला, अर्धवट फरशीवरून घसरून स्वतःच हसत सुटलेला.

मग त्यांनी टेबलावरचं पत्र उचललं, घडी केली, खिशात घातलं. "बंगळुरूवाल्यांना नाही आवडलं," ते म्हणाले, "तर त्यांना खेळता येत नाही असं समजायचं. उर्वी, दिवाळीपर्यंत बघ. आणि ताई, पोळी गरम करून दे."

बंगळुरूवाल्यांना खेळता येत होतं. पंधरा दिवसांनी निवड झाल्याचं कळलं.

पुढच्या वर्षी गेम बाजारात आला. उर्वी आणि तिच्या मैत्रिणींनी पुण्यात एक छोटं ऑफिस घेतलं. सध्या त्या दुसरा गेम करताहेत आणि तोही एका दिवसात संपणार आहे म्हणतात. सुबोधराव बँकेत कर्ज मागायला येणाऱ्या तरुणांना आता आधी विचारतात, गेम खेळता का. परदेशातल्या कुणीतरी उर्वीला पत्र पाठवून विचारलं की पान उलटण्याआधी जिभेला बोट लावणं हा तुमच्याकडचा प्राचीन विधी आहे का. गंगाधररावांनी त्याला तीन प्रतींत उत्तर लिहिलं. पृथ्वीराजांनी वाचनालयाच्या दारावर 'जगभर वाचल्या जाणाऱ्या पुस्तकाचे मूळ स्थान' असा फलक लावला; त्यानंतर सभासद तीननं वाढले, त्यांतल्या एक नीलम्मा. त्यांनी नेलेलं पहिलंच पुस्तक रसायनशास्त्राचं होतं आणि त्या दिवसापासून गच्चीवर पद्मजाबाईंचं लक्ष असतं. पूनमला मुलगी झाली. ती माहेराहून परतली तेव्हा आपल्यावाचून गोष्ट संपवली म्हणून इतकी रुसली की बायांनी सोलापूरहून पुस्तक मागवून सगळी पहिल्यापासून पुन्हा वाचून घेतली. बोकड धडधाकट आहे. पद्मजाबाईंच्या कपाटातली पुस्तकं दर महिन्याला खाकी कव्हरासकट सांगोल्याला जातात आणि कव्हराशिवाय परत येतात. बाई त्यांना पुन्हा कव्हर घालत नाहीत.

त्या स्वतःही गेम खेळतात. रोज दुपारी, चष्मा लावून. पण तळटीपसुद्धा न वाचता पुढे जाणं त्यांना जमत नाही, त्यामुळे त्या अजून चौथ्या पानावर आहेत. परवा अशाच बसल्या होत्या तर सांगोल्याहून फोन आला.

"कुटवर आलाय, बाई?" अंबुबाईंनी विचारलं.

"चौथ्या पानावर."

"अजून? आवं, आमी शेडमंदी तीनदा संपिवला! सांगू का म्होरं काय करायचं?"

"खबरदार," पद्मजाबाई म्हणाल्या. "माझी मी बघते."

"बगा की मग!" फोनमधून अंबुबाई ओरडल्या, आणि त्याच क्षणी, बाईंनी फार वेळ लावला म्हणून, लॅपटॉपमधूनही.